मातीची गाडी

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त एक लहानसा प्रसंग आहे आणि सबंध नाटकास नाव त्या प्रसंगावरूनच मिळाले आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळतो. ती गाडी परत गेल्यावर दासी त्यास मातीची गाडी करून देते, पण पोराचे रडणे काही थांबत नाही. वसंतसेनेस कळवळा येतो आणि ती आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत घालते, की यांची सोन्याची गाडी करून घे. हा प्रवेश शिकविताना आम्ही वर्गास नेहमी विचारीत असू, की पुढे त्या दागिन्यांचे काय झाले? बहुतेकांस ते आठवत नसे. पुढे तेच दागिने भर न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात आणि बिचाऱ्या चारुदत्ताविरुद्ध पुरावा होऊन बसतात. मातीच्या गाडीवर घातलेले सोने धन्याच्या गळ्याशी आले, असे आम्ही मुलांस सांगत असू. सांगताना मात्र ही गोष्ट कधी आमच्या दाराशी येईल असे वाटले नव्हते.

आमच्या घरी एक लहान मोटार आहे. घरातील लहानथोर ज्यांस अण्णा म्हणत, त्या आमच्या थोरल्या बंधूंनी ती २०१३ च्या दसऱ्यास घेतली. कोल्हापुरात दसऱ्याच्या सोहळ्यास राजघराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते आणि ती पाहावयास सारे गाव लोटते. त्याच दिवशी आमच्या दारात ही ऑल्टो ८०० येऊन उभी राहिली. “राजाची गाडी वर्षातून एकदा निघते, आपली रोज निघेल,” असे अण्णा मोठ्या अभिमानाने म्हणाले. प्रत्यक्षात तीही आठवड्यातून एकदाच निघे. महाद्वारापर्यंत पायी जाणाऱ्या माणसास मोटार हवी कशास? अण्णा २०२३ मध्ये गेले. गाडी विकावी असा विषय घरात एकदा निघाला, तेव्हा वहिनी काही बोलल्या नाहीत. उठून देवघरात गेल्या. विषय तेथेच संपला.

गाडी आता अण्णांचा नातू चालवितो. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे, हुशार आहे, आणि कोल्हापूरच्या बहुतेक मुलांप्रमाणे यंत्रांचा शोकी आहे. या गावास ते वेड पूर्वीपासून आहे. शिवाजी उद्यमनगरात इंजिनांची कामे करणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्रींतून मोटारींचे ओतीव भाग बाहेरगावी जातात. आणि कोल्हापुराजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा मार्ग झाला, तेथे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्या. त्या लहानग्या, जमिनीस चिकटलेल्या गाड्या वळणावर कशा पळतात हे पाहून आमच्या नातवाच्या मनाने घेतले, की आपली गाडीही तशीच व्हावी. आपली गाडी वळणावर कलते, वेगात चळते, घाटात तिचा भरवसा वाटत नाही, ही त्याची तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती, हे आज आम्ही मोकळेपणाने सांगतो.

२०२५ च्या वैशाखात तो आमच्याकडे आला व म्हणाला, “आजोबा, चारही टायर बदलू या.” घरचा जमाखर्च आमच्याकडे असतो. आम्ही अंगणात जाऊन टायर पाहिले. नक्षी शाबूत होती. गाडी बारा वर्षांत चौतीस हजार किलोमीटर देखील चालली नव्हती. माडी गळत होती, तिची कौले आधी काढावयाची होती. आम्ही म्हणालो, “चांगले टायर टाकून देणे ही चैन आहे.” आणि त्या दिवसाच्या कीर्दीत तसा शेराही लिहून ठेविला.

मुलगा मुकाट्याने गेला. पुढे त्याने काय केले, हे आम्हांस श्रावणापर्यंत कळले नाही. त्याने आपल्या खाऊच्या पैशांतून, कोणा एका कारागिराकडून, गाडीच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून घेतला होता. गाडी खाली बसली की ती रस्त्यास धरून राहील, हा त्याचा तर्क. मागे एक काळा पंखा लाविला होता आणि सुकाणूचे चाक लहान, चामड्याने मढविलेले बसविले होते. आम्ही ते सारे पाहून “शोभिवंत आहे,” एवढेच म्हणालो.

श्रावणात वहिनींस गगनबावड्याखालच्या आमच्या मूळ गावी देवास जावयाचे होते. नातू चालवीत होता, आम्ही त्याच्या शेजारी, मागे वहिनी. कळे गाव मागे पडले. पाऊस मोठा नव्हता, झिमझिमच होती. एका उजव्या वळणावर त्याने चाक वळविले, आणि गाडी वळली नाही. चाके वळलेली आणि गाडी सरळ, असा तो एक विलक्षण क्षण होता. त्याने ब्रेक दाबला, तेव्हा उरलासुरला ताबाही गेला. रस्त्याकडेची चारी उथळ होती म्हणून बरे. गाडी ती ओलांडून उसात शिरली आणि थांबली. कोणास खरचटले देखील नाही. काचेवर उसाची पाने टेकली होती आणि आतमध्ये कोणी बोलत नव्हते.

मग वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांनी ही गाडी दहा वर्षे चालविली. ऊस कधी काचेला लागला नव्हता.”

देवास जाणे तेथेच राहिले. शेताचा मालक भला माणूस होता. त्याने बैल जुंपून गाडी बाहेर काढून दिली आणि मोडलेल्या उसाचे पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर नातवाने स्प्रिंग कापल्याचे आपण होऊन सांगितले. आम्ही पुष्कळ बोललो. शिक्षकाची जीभ निवृत्त होत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी शिवाजी उद्यमनगरातील एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. अण्णांचीही गाडी तेच पाहत. त्यांनी स्प्रिंगकडे एकदा पाहून मान हलविली, पण बसले ते टायरापाशी. रबरात नख रोवून पाहिले, नख रुतेना. “मास्तर, हे रबर न्हाई, दगूड हाय,” असे म्हणून त्यांनी टायराच्या बाजूस कोरलेले चार आकडे आम्हांस दाखविले : ३११३. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१३ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झालेले टायर गाडीबरोबर आले होते व तेच आजवर होते. रबर नुसते फिरून झिजत नाही. उन्हाने, वाऱ्याने, वयाने ते वाळते व कठीण होते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपलीकडे तो वापरूच नये, असा सल्ला मोठे टायर करणारे कारखानेच देतात. नक्षी शाबूत होती, कारण तो कठीण टायर रस्त्यास लागून झिजतच नव्हता. आणि जो झिजत नाही तो धरीतही नाही.

त्या रात्री आम्ही कीर्द उघडली. वैशाखातील तो शेरा आमच्याच अक्षरात होता. आम्ही नातवास हाक मारली आणि ते पान त्याच्यापुढे केले. “स्प्रिंग तू कापलीस ही तुझी चूक. पण तू जे मागितले होतेस ते योग्य होते, आणि नाही म्हणणारे आम्ही होतो. वाट बंद केली म्हणून तू आडवाटेने गेलास.” तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींकडे आम्ही दोघे बरोबर जाऊ लागलो, आणि जे शिकलो ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. पुष्कळ घरांत अशी एक लहान गाडी आहे आणि तिला सुधारू पाहणारा एक नातूही आहे.

पहिली गोष्ट हिशेबाची. गाडी व आतील माणसे मिळून वजन सुमारे १००० किलो धरा. चार चाकांवर ते सारखे वाटले तर प्रत्येकी २५० किलो. टायरात हवेचा दाब ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारे २.१ किलो. भागाकार केला तर प्रत्येक टायर रस्त्यास सुमारे १२० चौरस सेंटिमीटर टेकतो. घरातील बायकांस विचारा, हे एका मोठ्या पुरीचे क्षेत्रफळ आहे. सारे कुटुंब ज्या गाडीत बसते, ती चार पुऱ्यांएवढ्या रबरावर उभी असते. पंखा, रंग, चामडे, दिवे, जे काही आपण वर बसवू, त्याचा वळणावर काडीचाही उपयोग नाही. गाडी वळविणारे, थांबविणारे, पळविणारे ते चार पुऱ्यांएवढे रबरच.

दुसरा हिशेब वळणाचा. घाटातील एखादे वळण २० मीटर त्रिज्येचे आहे असे समजा. त्यावरून ताशी ३० किलोमीटर वेगाने गेले, तर गाडीस बाहेर फेकू पाहणारा ओढा तिच्या वजनाच्या सुमारे ३५ टक्के होतो. वेग ४० केला, तर तो ६३ टक्के होतो. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि ओढा जवळजवळ पावणेदोन पट झाला, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोरड्या डांबरावर चांगला टायर वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत ओढा सोसू शकतो. तोच रस्ता ओला आणि टायर आमच्या टायरासारखा झाला, की ही शक्ती निम्म्यावर येते. कळ्याच्या वळणावर काय झाले, ते या दोन ओळींत आहे. शाळेत हे गणित फळ्यावर मांडून कित्येक मुले आम्ही पास केली. स्वतः मात्र नापास झालो.

म्हणून सुधारणेचा पहिला रुपया टायरावर खर्च करावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की तो टायर टाकावयाचा. ती खूण टायराच्या खाचांतच उंचवट्याच्या रूपाने केलेली असते. हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, थंड टायरात मोजावी. किती भरावी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. आणि पैशाअभावी दोनच टायर घ्यावयाचे झाले, तर नवे मागे बसवावेत. आम्हांस हे उलटे वाटले होते; यंत्र पुढची चाके फिरविते, तर नवे टायर पुढेच हवेत, असे आम्ही म्हणालो. पण पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि साध्या चालकास ती सावरत नाही.

नातवास रुंद टायर व मोठी चाके हवी होती. मिस्त्रींनी ‘नाही’ म्हटले नाही, गणित करावयास सांगितले. आमच्या गाडीच्या टायरावर १४५/८० आर १२ असे लिहिले आहे. याचा अर्थ रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि आतील चाक १२ इंचांचे. यावरून पुऱ्या चाकाचा व्यास येतो सुमारे ५३७ मिलिमीटर. याच घराण्यातील ऑल्टो के१० ही गाडी २०१० साली निघाली, तेव्हा तीस १५५/६५ आर १३ असे टायर होते. त्याचा व्यास येतो सुमारे ५३२. चाक मोठे झाले, टायर रुंद झाला, बाजूची भिंत बुटकी झाली म्हणून वळणावर ती कमी दबते. आणि तरीही एकूण व्यासात एक टक्क्याचाच फरक पडला. सुधारणा म्हणतात ती ही. हा व्यास बिघडला तर वेगदर्शक काटा खोटे सांगू लागतो, टायर मडगार्डास घासतो, यंत्रावर बोजा पडतो. शिवाय टायरावर भार सोसण्याचा एक अंक असतो, तो मुळापेक्षा कमी होऊ देऊ नये. हे सारे करून पाहिल्यावर नातू आपण होऊनच म्हणाला, की आपल्या वापरास मूळ मापाचेच, पण नवे आणि चांगल्या प्रतीचे टायर पुरेत. उत्तर सांगण्यापेक्षा गणित घालावे, हे मिस्त्रींस आमच्याहून अधिक कळते.

दुसरा रुपया स्प्रिंगेवर व शॉकअपवर. या दोहोंची कामे वेगळी आहेत. स्प्रिंग भार उचलते. शॉकअप तिचे हेलकावे मारतो. शॉकअप नसेल तर खड्ड्यातून गेलेली गाडी पाळण्यासारखी हलत राहील आणि हलताना चाक क्षणोक्षणी रस्ता सोडील. जे चाक रस्ता सोडते ते गाडी कसे वळवील? गाडीचा गुरुत्वमध्य खाली आणला तर ती कमी कलते, हा नातवाचा तर्क तत्त्वतः खराच होता. परंतु वेढा कापलेली स्प्रिंग आखूड होते व कडकही होते. चाकास वरखाली होण्यास जागा उरत नाही. गाडी रबरी ठोकळ्यावर आपटते. शॉकअपचे माप तीस जुळत नाही. आणि चाकांचे कोन बिघडतात. ज्या गाड्या खऱ्या अर्थाने खाली करितात, त्यांस स्प्रिंग व शॉकअप ही दोन्ही एकमेकांस जुळवून, मुद्दाम घडवून बसवितात. कार्टिंगच्या गाडीस तर स्प्रिंगच नसते. तिच्या सांगाड्याची लवचीकता हीच तिची स्प्रिंग, आणि तिचा मार्ग गुळगुळीत. तो गुण गगनबावड्याच्या रस्त्यावर आणू पाहणे म्हणजे तालमीतील लंगोट नेसून लग्नास जाणे होय. आम्ही नव्या मूळ मापाच्या स्प्रिंगा बसविल्या, आणि एका शॉकअपमधून तेल झिरपत होते म्हणून जोडीने दोन्ही बदलले. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. घरच्या घरी पाहावयाचे तर गाडीचा कोपरा हातांनी दाबून सोडावा. एकदा वर येऊन ती स्थिर झाली पाहिजे, डुलत राहता कामा नये.

तिसरा रुपया दिसत नाही अशा ठिकाणी जातो. चाकांस धरणाऱ्या दांड्यांत रबरी बुश असतात, सांध्यांत बॉल जॉइंट असतात, सुकाणूच्या दांड्यास टोकाचे सांधे असतात. आमच्या गाडीचे बुश चिरले होते. म्हणजे चालक चाक एका कोनात वळवी आणि रस्त्यावरचे चाक थोडे वेगळ्याच कोनात जाई. हे बुश काही शेकड्यांत मिळतात. मिस्त्रींच्या मते जुन्या गाडीचे निम्मे ‘चळणे’ याच रबरात असते. सर्व बदलून झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. आधी केले तर ते पैसे वाया.

ब्रेकविषयी एकच सांगतो. त्यातील तेल हवेतील ओल शोषून घेते आणि लांब उतारावर तापले की त्यात बुडबुडे होऊन पाय खोल जातो. म्हणून ते सुमारे दोन वर्षांनी बदलावे. आमचे केव्हा बदलले होते, ते कीर्दीत सापडले नाही. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही योजना एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींत सक्तीची झाली; आमच्या गाडीत ती नाही व मागाहून बसवून घेण्यासारखी ती गोष्ट नाही. ज्यास एबीएस नाही, त्याने वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, वेग उतरवावा. ज्या गियरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गियरमध्ये तो उतरावा.

लहान गाडी सुधारणे हा अपराध नव्हे. इंग्लंडात १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी ही चिमुकली गाडी केली. सुएझच्या संकटानंतर तेल वाचावे म्हणून ती झाली. चाके अवघी १० इंचांची, पण गाडीच्या चार कोपऱ्यांस. जॉन कूपर नावाच्या शर्यतीच्या गाड्या करणाऱ्या गृहस्थाने तिचे गुण ओळखले आणि १९६१ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. यंत्राची शक्ती वाढविली हे सर्वांस ठाऊक असते. पण त्याच वेळी पुढच्या चाकांस डिस्क ब्रेक बसविले, हे ध्यानात ठेवण्याजोगे. पुढे या गाडीने माँटे कार्लोची बर्फाळ घाटांतील शर्यत १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. वाढलेल्या शक्तीस आवरणारा ब्रेक आधी, मिरवणे मागाहून, असा तो क्रम होता.

आपल्याकडे कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे ५२ वे कलम सांगते, की नोंदणीपत्रकातील तपशील कारखान्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. झिजलेला भाग बदलून तसाच नवा घालणे यात अडचण नाही. पण गाडीचे रूपच बदलले आणि पुढे अपघात झाला, तर विम्याच्या दाराशी तेच दागिने मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतील.

आता गृहिणींच्या वाट्याचा भाग. अण्णांनी गाडीच्या टपावर सामानाची जाळी बसविली होती, आणि कोकणातून येताना तिच्यावर फणस, नारळ, तांदळाचे पोते असा संसार असे. टपावरचे ओझे गाडीस वळणावर जेवढे कलविते, तेवढे आत खाली ठेवलेले तितकेच ओझे कलवीत नाही. जाळी आम्ही काढली. वहिनींस वाईट वाटले. फणस आता पायांपाशी बसतो.

शेवटची सुधारणा चालकाची. मिस्त्रींनी नातवास एका पटांगणावर नेऊन पाण्याने ओल्या केलेल्या जागेत, हळू वेगात, गाडी घसरते कशी व सोडल्यावर धरते कशी, हे दाखविले. त्याने ते लहान चाक व काळा पंखा आपल्या हातांनी काढले. आम्ही सांगितले नव्हते.

एकूण खर्च माडीच्या कौलांहून कमी झाला. टायरांची रक्कम कीर्दीत लिहिताना हात थोडा थांबला, की ही कोणत्या सदरी घालावी. ‘चैन’ हे सदर आम्ही वर्षानुवर्षे पाळीत आलो. शेवटी ती ‘औषधपाणी’ या सदरी लिहिली, आणि वैशाखातील शेरा खोडला नाही. त्याच्या समासात आजची तारीख घालून ‘चूक आमची’ एवढे लिहिले. वह्या पुढच्यांनी वाचावयाच्या असतात.

मार्गशीर्षात वहिनींस घेऊन पुन्हा निघालो. आम्ही पुढे, मांडीवर नारळाची पिशवी. त्या दिवशी सकाळी अवकाळी सर येऊन गेली होती आणि रस्ता ओला होता. कळे गाव मागे पडले तशी आमची नजर पुढे लागली. ते उजवे वळण आले. नातवाने त्याच्या पुष्कळ आधी वेग उतरविला, चाक वळविले, आणि गाडी वळली. उसाची तोड झाली होती, शेत मोकळे होते. आम्ही वळून मागे पाहिले. वहिनींचा डोळा लागला होता.

गगनबावड्यास चहा घेताना त्या जाग्या झाल्या व म्हणाल्या, “भाऊजी, ते वळण कुठे आले?”

नातू म्हणाला, “गेले, आजी.”